पळस्प्याला घाम, कर्नाळ्याला हुडहुडी: शहर हवा बदलतं म्हणजे नक्की काय करतं?

पोपटीवाला | रविवार, रात्री १०.४०

नोकरी पनवेलात, घर नागावात (अलिबागचं नागाव, उरणचं नव्हे). दर शनिवारी रात्री दहाच्या सुमारास कामोठ्याहून बाइक काढतो. जानेवारी असूनही कळंबोली ते पळस्पे फाटा जॅकेटची चेन उघडी ठेवावी लागते. रस्ता, टॉवर, कडेला उभे ट्रक, सगळ्यांनी दिवसभराचं ऊन पोटात घेतलेलं असतं आणि रात्री ते सावकाश ओकत असतात. पळस्पं सोडून कर्नाळ्याच्या खिंडीत शिरलं की एका वळणावर, अक्षरशः एकाच वळणावर, गार हवा अंगावर येते. चेन गळ्यापर्यंत. पेणला पुन्हा ऊब, वडखळला धूळ आणि डंपर, पोयनाडच्या पुढे शेतं लागली की परत हुडहुडी. इतकी वर्षं जातोय, पण हल्ली पळस्प्याची ऊब कर्नाळ्याच्या दिशेने सरकत चालली आहे असं वाटतं.

आता खरा प्रश्न. परवा पहाटे कनकेश्वरला चढलो होतो. साडेसातच्या सुमारास मुंबईच्या बाजूला पाहिलं तर समुद्रावर तपकिरी पट्टा. वरची कड पट्टीने आखल्यासारखी सरळ, आणि कडेच्या वर स्वच्छ निळं आभाळ. शाळेत शिकलो की गरम हवा वर जाते. शहर गरम आहे हे माझ्या जॅकेटची चेन सांगते. मग ती हवा धूर घेऊन वर का जात नाही? धूर ऊन अडवतो म्हणतात, मग शहर गार का होत नाही? आणि पावसाचं काय? २६ जुलैचं नाव लोक याला जोडतात, त्यात तथ्य आहे का?

जाणकारांनी लिहावं. ‘कलियुग’ एवढाच प्रतिसाद द्यायचा असेल तर नाही दिला तरी चालेल.

सातबारा | रविवार, रात्री ११.१५

कलियुग म्हणणार नाही, पण थोडं थंड डोक्याने घेऊ या. मुंबईचा मार्चमधला तापमानाचा विक्रम ४१.७ अंशांचा आहे आणि तो २८ मार्च १९५६चा. तेव्हा कुठले टॉवर होते? कुठली एवढी वाहनं होती? हवा दर वर्षी वेगळी असते. आपण एसीत बसून बाहेर पडतो म्हणून जास्त भाजतं, एवढंच.

कोलंबी | रविवार, रात्री ११.३२

सातबारा, तुम्ही जमिनी विकता म्हणून तुम्हाला असं वाटतं. ;)

सातबारा | रविवार, रात्री ११.३४

जमीन विकत नाही, कागद बघून देतो. मुद्द्याला उत्तर द्या.

मतलई | सोमवार, सकाळी ७.०५

मुद्द्याला उत्तर देतो. हवामानाच्या नोंदी ठेवण्यात नोकरी गेली, आता निवृत्त. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सातबारा, आकडा बरोबर आहे. पण तो दिवसाच्या कमाल तापमानाचा आहे, आणि आपल्या किनाऱ्यावर फेब्रुवारी-मार्चचं कमाल तापमान मुख्यतः वारा ठरवतो. पूर्वेकडून येणारी कोरडी हवा सह्याद्री उतरताना दाबली जाते आणि आणखी तापते. तिचा जोर असला की समुद्रावरचा खारा वारा वेळेवर आत शिरू शकत नाही, तो दुपार कलताना येतो, आणि तोवर पारा चढून बसलेला असतो. म्हणून तर रत्नागिरीचं नाव मधूनच देशातल्या सर्वात तापलेल्या ठिकाणांत झळकतं आणि विदर्भातले लोक हसतात. १९५६चा दिवस असा असणार. तिथे टॉवरचा हात शोधण्यात अर्थ नाही.

शहराची करामत बघायची तर रात्रीचं किमान तापमान बघायला हवं. ही गोष्ट पहिल्यांदा नोंदींतून दाखवली ती लंडनच्या ल्यूक हॉवर्डने. हा माणूस व्यवसायाने औषधं-रसायनं बनवणारा. ढगांना क्युम्युलस, स्ट्रेटस ही नावं दिली ती त्यानेच. लंडनच्या हवेवरचं त्याचं लिखाण १८१८पासून छापून आलं. शहर आजूबाजूच्या खेड्यांपेक्षा उबदार असतं आणि हा फरक रात्री ठळक असतो, हे त्याने तेव्हा लिहून ठेवलं. त्या लंडनात डांबरी रस्ता नव्हता, मोटार नव्हती. नुसती दाटीने बांधलेली घरं आणि कोळशाच्या शेगड्या.

आता धागाकर्ते पोपटीवाले आहेत, तर त्यांच्याच शेतात जाऊ. जानेवारीच्या रात्री पोपटीसाठी वालाच्या शेंगा भरलेलं मडकं उपडं घालून भोवती जाळ करता, तेव्हा धूर कुठवर जातो ते बघितलंय? माडाच्या शेंड्याइतका सरळ चढतो आणि तिथे आडवा होऊन चादरीसारखा पसरतो. ‘गरम हवा वर जाते’ हे वाक्य अर्धंच आहे. भोवतालच्या हवेपेक्षा गरम असेल तोवरच ती वर जाते. रात्री जमीन आधी निवते, तिला लागून असलेली हवा निवते, आणि त्या गार हवेवर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. धूर त्या थराला टेकला की त्याचं चढणं संपलं. शहरात जमीन उबदार राहते म्हणून झाकण थोडं वर असतं, पण असतंच. तुम्ही कनकेश्वरावरून पाहिलेली सरळ कड म्हणजे ते झाकण.

सकाळी ऊन जमीन तापवतं, खालून हवेचे बुडबुडे उठतात आणि झाकण उघडतं. इथे धूर आडवा येतो. काजळीचे काळे कण ऊन स्वतःच पितात, त्यामुळे वरचा थर तापतो. बाकीचे कण ऊन विखरून टाकतात, त्यामुळे जमीन कमी तापते. वर गरम आणि खाली गार म्हटल्यावर झाकण उघडायला उशीर होतो. तेवढा वेळ गाड्यांचा धूर, बांधकामांची धूळ त्याच उथळ थरात साठत राहते आणि उद्याच्या उन्हाला आणखी अडवते.

म्हणजे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: धूर शहराला दिवसा थोडं गार करतोही. पण रात्री तसं नाही. काँक्रीटने साठवलेली उष्णता बाहेर पडू पाहते तेव्हा उंच इमारतींच्या भिंती ती एकमेकींकडे परत फेकतात, एसी खोलीतली उष्णता गल्लीत टाकतात, आणि वरचं दमट, धुळकट धुरकं तिच्यातली काही खाली परतवतं. दिवसा काँक्रीट आणि धूर एकमेकांविरुद्ध ओढतात, रात्री एकाच बाजूने. म्हणून मुंबई-पनवेलच्या कमाल तापमानाचे आकडे बघून सातबारांसारखी माणसं ‘काही झालेलं नाही’ म्हणतात आणि रात्री पंखा पाचवर ठेवून झोपतात.

पावसाचं संध्याकाळी लिहितो. आत्ता दूध आणायला निघालोय.

सातबारा | सोमवार, सकाळी ८.२०

पंखा तीनवर असतो. बाकी मान्य.

चिरेबंदी | सोमवार, सकाळी ११.५०

सुंदर प्रतिसाद, मतलई. वाचनखूण साठवली.

माझा अनुभव घरांचा. सासर चिपळूणजवळ, जांभ्या चिऱ्याचं घर, वर कौलं. कौलांच्या फटींतून दुपारची तापलेली हवा निघून जायची आणि संध्याकाळी घर अर्ध्या तासात निवायचं. दिरांनी शेजारी स्लॅबचं घर बांधलं. दुपारी दोन्हीकडे सारखंच उकडतं, पण रात्री अकराला स्लॅबखाली निजवत नाही. पुढे खळ्यातली माती काढून पेव्हर ब्लॉक घातले, ‘पावसात चिखल नको’ म्हणून. आता मुलं दुपारी अनवाणी खळ्यात उतरत नाहीत. म्हणजे कर्नाळा आणि पळस्पे आमच्या एकाच वाडीत आहेत.

सासूबाई उन्हाळ्यात संध्याकाळी सारवलेल्या अंगणात पाणी शिंपडायच्या. आम्ही हसायचो. मतलई, त्याने खरंच काही फरक पडत होता का?

मतलई | सोमवार, दुपारी ४.१०

चांगला पडत होता. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला साधारण २४ लाख ज्यूल उष्णता लागते. हजार वॅटचा हीटर चाळीस मिनिटं चालवला तर तेवढी उष्णता मिळते. सासूबाईंनी दोन तांबे शिंपडले म्हणजे तेवढी उष्णता जमिनीतून आणि हवेतून काढून वाफेत घातली. पेव्हर ब्लॉकवर शिंपडलं तर बरंचसं पाणी गटारात जातं. हवा दमट असेल त्या दिवशी हा उपाय कमी चालतो, आणि कोकणात तसे दिवस पुष्कळ. घाम वाळत नाही म्हणून आपण चिडचिडतो त्याचं कारणही हेच. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात उष्णतेच्या लाटेचा विचार ४० अंशांपासून सुरू करतं, पण किनाऱ्यावर ३७पासून, अर्थात पारा नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी वर असेल तर.

हाच हिशेब मोठा करून बघा. पनवेल-उलवे पट्ट्यात भातखाचरं होती, खाजणं होती, खारफुटी होती. त्यांच्यावर पडणाऱ्या उन्हाचा मोठा वाटा पाण्याची वाफ करण्यात खर्च व्हायचा. विमानतळाची जागाच ११६० हेक्टर आहे. तिच्यासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला. भराव आणि काँक्रीट झाल्यावर तेच ऊन सरळ जमीन आणि हवा तापवतं. विमानतळ नको होता असं म्हणत नाही, मुलाला भेटायला मलाही विमानच लागतं. पण ऊन कुठे खर्च होतं याचा हिशेब बदलला, एवढं मान्य करायला हवं.

उलवेकर_सेक्टर१७ | सोमवार, रात्री ९.०२

आमच्या बाजूच्या साइटवर सकाळी सहाला डंपर सुरू. कापड नाही, पाणी मारणं नाही. मुंबई महापालिकेने २०२३च्या ऑक्टोबरात बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली होती: पत्र्याचं उंच कुंपण, इमारतीला हिरवं कापड, डंपरची चाकं धुऊन मगच रस्त्यावर. सुपरवायझरला विचारलं तर म्हणाला, ‘ते तिकडे, खाडीपलीकडे.’ धुळीला अटल सेतूचा टोल लागत नाही हे त्याला कोणी सांगितलं नसावं. बाल्कनीतली तुळस महिन्यातून दोनदा ओल्या फडक्याने पुसतो.

नाखवा | सोमवार, रात्री ९.४८

करंज्याचा आहे. मतलई हे नाव घेतलंत ते बरं केलंत, नव्या पोरांना हा शब्दच माहीत नाही. रात्री जमिनीवरून समुद्राकडे जातो तो मतलई, दिवसा समुद्रावरून येतो तो खारा. वडील मतलईवर शीड सोडून पहाटे बाहेर पडायचे.

तुम्ही धूर वर जात नाही म्हणता. पण तो बाहेर तरी जातो का? नाही. मतलई रात्री शहराचा धूर समुद्रावर आणून ठेवतो. आम्ही पहाटे त्याच्यातूनच जातो, कपड्याला वास येतो. आणि दुपारी खारा वारा तोच धूर उचलून परत शहरात नेतो. माल तोच, नुसत्या खेपा. वडील कर्नाळ्याचा सुळका बघून किनाऱ्याची दिशा धरायचे. आता डिसेंबर-जानेवारीत सुळका दिसला तर पोरं मोबाइलवर फोटो काढतात. जीपीएस आहे म्हणून अडत नाही.

मतलई | सोमवार, रात्री १०.३०

नाखवा, तुम्ही चार ओळींत लिहिलंत ते समजावून सांगायला आम्हाला नकाशे लागायचे. किनाऱ्यावरच्या शहराचं हे खास दुखणं. वारा रोज वाहतो म्हणून मुंबई दिल्लीपेक्षा सुटते, पण वारा मंद पडला की त्याच दोन वाऱ्यांच्या मध्ये धूर झोके घेत राहतो. २०२२-२३च्या हिवाळ्यात मुंबईची हवा इतकी बिघडली तेव्हा शास्त्रज्ञांनी ला निना (प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा गार होतं ती स्थिती) आणि मंदावलेले वारे यांच्याकडे बोट दाखवलं. गाड्या आणि बांधकामं त्याच्या आदल्या वर्षीही होतीच. वारा तेवढा कमी पडला.

शहर या वाऱ्यांवरही हात चालवतं. तापलेली जमीन खाऱ्या वाऱ्याला जोरात ओढते, पण किनाऱ्यालगतच्या इमारतींची रांग त्याची गती मोडते. पुढच्या रांगेला वारा आणि मागच्या गल्लीला नुसता आवाज.

समुद्रावर पडून राहणाऱ्या धुराबद्दल: १९९९च्या जानेवारी ते मार्चमध्ये ‘इंडोएक्स’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम झाली. वीरभद्रन रामनाथन आणि पॉल क्रुट्झन हे तिचे म्होरके, तळ मालदीवमध्ये. हिवाळ्यात भारतीय उपखंडावरचं तपकिरी धुरकं हिंदी महासागरावर दूरवर पसरतं आणि समुद्रापर्यंत पोचणारं ऊन कमी करतं, हे विमानं आणि जहाजं लावून मोजलं गेलं.

कलमवाला_देवगड | मंगळवार, सकाळी ६.५५

तुमचा शास्त्र ऱ्हवांदे. माका एवढाच सांगा, आमच्या हापूसाक थंडी व्हयी. रात्री थंडी पडली की मोहोर येता. मळभ इला की तुडतुडे आणि भुरी. फवारणीत पैसो जाता. ह्या सगळा मुंबयच्या धुरान झाला काय?

मतलई | मंगळवार, सकाळी ८.१५

काका, नाही. मुंबईच्या काँक्रीटची ऊब देवगडला पोचत नाही. ती शहराच्या वेशीवर विरते, पोपटीवाल्यांना कर्नाळ्याच्या एका वळणावर ती संपलेली कळते. तुमच्याकडची थंडी उत्तरेच्या वाऱ्यावर, ढगांवर आणि सगळ्या पृथ्वीच्याच वाढत्या तापमानावर अवलंबून आहे. तो मोठा विषय, पण वेगळा. दोन्ही एकत्र केले की कोणाचाच हिशेब लागत नाही. तुडतुड्यांसाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला बघत राहा, तो या धाग्यापेक्षा कामाचा.

सुधागडी | मंगळवार, दुपारी १.२०

एक कबुली. धूर फक्त शहराचा नसतो. आमच्याकडे मार्चपासून राब भाजतात. शेण, पालापाचोळा, टहाळ रचून भाताच्या रोपांची जागा जाळायची. त्यात सड्यावरचे वणवे. आजोबा म्हणायचे की भाजावळीशिवाय रोप धरत नाही, तणही मरतं. खरंही असेल. पण एप्रिलच्या संध्याकाळी पालीच्या खोऱ्यात धूर असा बसतो की डोंगर दिसत नाहीत. मुंबईला शिव्या घालताना हे सोयीस्कर विसरतो आपण.

पावसाळी_बेडूक | मंगळवार, दुपारी ३.००

पावसाचं राहिलं! २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर आणि कुलाब्याला जेमतेम ७३. अंतर वीस-बावीस किलोमीटर. उपनगरांच्या काँक्रीटने आणि धुराने ढग तिथेच अडवले असं एका व्हिडिओत ऐकलं.

मतलई | मंगळवार, रात्री ८.४०

व्हिडिओवाल्याने उडी फार लांब मारली. टप्प्याटप्प्याने जाऊ.

ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या तरी कणावर धरतो. धूर म्हणजे जास्त कण. पंगतीत भात तेवढाच आणि पानं दुप्पट मांडली, तर प्रत्येकाच्या वाट्याला कमी येतो. तसे थेंब बारीक राहतात. पावसाचा एक मिलिमीटरभराचा थेंब व्हायला ढगातले सुमारे दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात, आणि बारीक थेंब एकमेकांना सहज चिकटत नाहीत. त्यामुळे उथळ ढगातून पडणारा हलका पाऊस धुराने कमी होऊ शकतो. ढग उंच वाढणारा असेल तर न पडलेलं पाणी आणखी वर जाऊन गोठतं, गोठताना उष्णता सोडतं, ढग अजून फुगतो आणि मग उशिराने जोरात पडतो. हा दुसरा भाग किती खरा आणि कुठे, यावर अजून भांडणं चालू आहेत. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने २००९पासून ‘कैपीक्स’ मोहिमेत विमानं ढगांत घालून आपल्याकडे हेच मोजायला घेतलं.

त्यात शहराची ऊब मिसळा. अमेरिकेत सेंट लुईस शहराभोवती १९७१ ते १९७५ ‘मेट्रोमेक्स’ नावाचा अभ्यास झाला. वारा शहरावरून पुढे ज्या बाजूला जातो तिथे उन्हाळी पाऊस वाढलेला दिसला. तापलेलं शहर हवा उचलतं, इमारतींना अडखळून वारा एकत्र येतो, ढगाला धक्का मिळतो. म्हणजे शहर पावसाची जागा आणि वेळ थोडी हलवू शकतं, हे खरं.

पण सेंट लुईस सपाटीवर आहे, समुद्रापासून लांब. आपल्याकडे जुलैत अरबी समुद्रावरून वाफेचा पूर येतो आणि पुढे सह्याद्री उभा. २२ जुलै २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा त्याच चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पडला; घाटमाथ्यावर कुठला टॉवर? शिवाय पावसाळ्यात धूर धुऊन जातो आणि हवेत समुद्राच्या मिठाचे मोठे कण असतात. त्यांच्यावर मोठे थेंब पटकन धरतात. म्हणून कोकणाचा एकूण पाऊस धुराने आटला किंवा वाढला असं मी म्हणणार नाही. २००५ला शहराने ढग बनवला असं तर नाहीच नाही.

मग शहराचा हात कुठे? खाली. मुंबईची जुनी पावसाळी गटारं ताशी २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेली, तीही निम्मं पाणी जमीन शोषेल असं धरून. जमीन झाकली गेली, मिठी नदी आवळली गेली. ढगाला बोल लावण्याआधी खालचं बघा.

चिरेबंदी | मंगळवार, रात्री ९.१५

निम्मं पाणी जमीन शोषेल! आमचे पेव्हर ब्लॉक आठवले. वाशिष्ठीचं पाणी घरात आलं त्या वर्षी खळं आधी भरलं होतं, नदी नंतर आली.

सातबारा | मंगळवार, रात्री ९.५०

थोडी माघार घेतो. पनवेल तालुक्यातले जुने उतारे बघताना ‘खारजमीन’, ‘भात’, ‘तलाव’ अशा नोंदी सारख्या येतात. पुढच्या कागदावर त्याच गट नंबरवर बिगरशेती. आजवर तो फक्त कागदाचा प्रकार वाटायचा.

पोपटीवाला | मंगळवार, रात्री ११.०५

सगळ्यांचे आभार, मतलई काकांचे विशेष.

अवांतर, पण आमच्या अलिबागची बढाई मारल्याशिवाय राहवत नाही. शहर मोजमापालाच कसं पळवून लावतं त्याचा नमुना इथे उभा आहे. पृथ्वीचं चुंबकत्व मोजणारी वेधशाळा आधी कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या करंटने नोंदी बिघडणार, म्हणून ती १९०४ला अलिबागला आणली. लोखंड टाळून खास दगडात बांधलेली इमारत आहे. आता अलिबाग ज्या वेगाने वाढतंय, ते पाहता वेधशाळेने कुठे जायचं?

शनिवारी पोपटी आहे. काकांच्या म्हणण्याप्रमाणे धूर माडाच्या कितव्या पात्याला आडवा होतो ते मोजायचं ठरवलं होतं. वालाच्या शेंगा मिळाल्या, मडकं आहे, मडक्यात घालायचा भांबुर्ड्याचा पाला मात्र बांधावर उरला नाही, शेजारच्या प्लॉटिंगच्या कुंपणात गेला. तो वाडीतून आणीन. चुलतभावाला फोन करून विचारलं, शेताच्या कडेचा उंच माड आहे ना? म्हणाला, तो मे महिन्यातच पाडला, होमस्टेच्या पार्किंगला आड येत होता. विजेचा खांब आहे, त्याच्यावरून मोज.